ज्या दिवशी मी रडले नाही

“आली! आपली आली! ती नव्हे गं, तिच्यामागची. मध्येच हुंदका देते ना, ती आपली!”

हा आवाज उर्सुलचा. तिची अशी हाक मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि नदीच्या उंच काठावर धुण्याच्या ओल्या हातांनी उभी होती. आम्ही चाळीस गाड्या दक्षिणेकडून परत येत होतो. शेवटच्या वळणावर झाडांच्या आड होतो. माणूस दिसत नव्हता, बैलाचं शिंग दिसत नव्हतं, वर उठलेली धूळ तेवढी दिसत होती. तरी चाळीस रडण्यांतून तिने माझं रडणं वेगळं काढलं होतं.

मित्रांनो, मी उत्तर अमेरिकेतल्या रेड नदीच्या वाटेवरची एक जुनी लाकडी गाडी आहे. दोन मोठी चाकं, दोन दांड्या, आणि दांड्यांमध्ये एकच बैल. आता चाक एकच उरलं आहे. दुसरं शेजाऱ्याने कुंपणाच्या फाटकाला लावलं. माझ्या साटीत, माल भरायच्या खोक्यात, कोंबड्या बसतात. त्यांना मी काय काय वाहिलं ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही तेच बरं.

मला उर्सुलच्या वडिलांनी घडवलं. सगळे त्यांना आमाब्लबाबा म्हणत. एक कुऱ्हाड, एक करवत, एक गिरमिट आणि एक वाकडी सुरी, एवढ्यावर त्यांनी मला जन्म दिला. माझा कणा, म्हणजे दोन्ही चाकं ज्यावर फिरतात तो आडवा दांडा, ओकचा. चाकांचे तुंबे, म्हणजे कणा ज्यांत शिरतो ते मधले गड्डे, एल्मचे. माझ्या अंगात लोखंडाचा एक खिळा नाही. इतरांना जिथे खिळा लागतो तिथे मला लाकडाची खुंटी, आणि खुंटी पुरत नाही तिथे बायसनच्या ओल्या कातड्याची वादी. ती वादी वाळली की अशी आवळते की बाबा म्हणत, “आता हिला सोडवायचं तर देवालाच सुरी शोधावी लागेल.”

लेकीचं लग्न नार्सिसशी झालं तेव्हा बाबांनी मला तिच्यासोबत सासरी पाठवलं. पाठवताना जावयाला जवळ बोलावलं.

“जावईबापू, एक लक्षात ठेवा. हिच्या कण्याला चरबी दाखवायची नाही. कितीही रडू दे.”

“पण बाबा, कान फाटतात हो!”

“मग कानांत कापूस घाला. चरबीला धूळ चिकटते. धुळीची होते कानस, आणि ती कानस आतून कणा खाते. कोरडी आहे तोवर ही नुसती रडेल. चरबी लागली की मरेल.”

उर्सुल शेजारीच उभी होती आणि हसत होती. तिला हे काय नवीन? ती सुताराची लेक. पाळण्यात तिने अंगाईच्या आधी करवतीचा आवाज ऐकला होता.

तर आम्ही रडायचो. कोरडं लाकूड कोरड्या लाकडावर घासायचं आणि दोन कोसांपर्यंत ऐकू जायचं. परक्या माणसाला वाटे, कुणाला तरी जिवंत सोलताहेत. आमच्या लोकांना, फ्रेंच बाप आणि इथल्या मूळच्या आया यांच्या वंशातल्या मेतींना, तसं कधी वाटलं नाही. त्यांच्यासाठी ते रडणं म्हणजे नावं होती. एक गाडी बारीक किंचाळे, एक म्हाताऱ्यासारखी कण्हे, आणि मी दर फेऱ्याला एक हुंदका देई, कारण माझ्या डाव्या तुंब्यात एक गाठ होती. काठावर थांबलेल्या बायका कपडे आपटता आपटता गात:

*रड रड गं गाडीबाई, तुझ्या रडण्यात माझं सुख,*
*रडं ऐकू येतं तोवर, माझ्या धन्याला नाही दुःख.*

गाड्यांच्या तांड्याला एक कप्तान असे. आमचा कप्तान गास्पार, नार्सिसचा लहानपणापासूनचा सोबती. सगळ्यांच्या पुढे घोड्यावर बसून चाले आणि कधी मागे वळून बघत नसे. त्याला गरज नव्हती. जपमाळेचे मणी ओढावेत तसं तो आमचं रडणं एकेक करून मोजी. एक आवाज गळाला की त्याचा हात वर जाई, आणि अख्खा तांडा जागच्या जागी थांबे.

“नार्सिस! झोपलास की मोडलास?” तो पुढूनच ओरडे, मान न वळवता.

“मोडलो रे बाबा, खुंटी गेली!”

“बायकोने वेणी घालतात तशी वादी घातली असेल. नीट आवळ!”

“तुझी बायको तुला आवळते तशी?”

आणि चाळीस गाडीवान हसत. त्या माळावर हसण्याला भिंत नव्हती, ते दूर दूर जात राही.

ती वाट मुळात माणसांची नव्हती. आधी बायसनच्या कळपांनी पाण्याकडे जाता जाता ती तुडवली. मग घोडी आली. मग आम्ही आलो, आणि मातीत तीन रेघा उमटल्या: दोन चाकांच्या, मधली बैलाच्या खुरांची. पावसात त्या रेघांचा चिखल झाला की शेजारी नव्या तीन पडत, त्यांच्याशेजारी आणखी तीन. काही ठिकाणी माळ असा दिसे जणू कुणी मोठ्या फणीने विंचरला आहे. सुरुवातीच्या वर्षांत हा व्यापार चोरून चाले, कारण फरचा सगळा व्यापार आपल्याच हाती ठेवणाऱ्या उत्तरेच्या कंपनीला तो नको होता. विचार करा, दोन कोसांवरून ऐकू येणाऱ्या गाडीतून चोरटा माल न्यायचा! पण नेत. किती जणांना पकडणार? शेवटी कंपनीनेच कानांवर हात ठेवले.

दक्षिणेला आम्ही बायसनची केसाळ कातडी न्यायचो, पाणउंदराच्या आणि मुंगसासारख्या मिंकच्या फरचे गठ्ठे न्यायचो. उत्तरेला चहा, मीठ, तंबाखू, खिडक्यांची तावदानं. एकदा मी एका चुलाणाचं ओझं वाहिलं, लोखंडी, चार पायांचं. एवढं लोखंड मी कधी उचललं नव्हतं, मला ते पाहुण्यासारखं वाटलं. वाटेत नदी आडवी आली की माझी चाकं काढून साटीखाली आडवी बांधत, भोवती कातडं गुंडाळत, आणि मी होडी होई. पलीकडे पुन्हा गाडी. वाटेच्या दक्षिण टोकाला, सेंट पॉलच्या बाजारात, शहरी माणसं कानांत बोटं घालून आमच्याकडे बघत. एका बाईने नार्सिसला विचारलं, “तुमच्याकडे थोडं तेलसुद्धा मिळत नाही का हो?” नार्सिसने टोपी काढून उत्तर दिलं, “मिळतं बाई. पण आम्ही ते केसांना लावतो.”

हे झालं कौतुकाचं. पण वाट जशी न्यायची तशी ठेवूनही घ्यायची. ओढ्यांच्या काठी, वाळूच्या उंचवट्यांवर लाकडाचे क्रॉस उभे होते. एकाखाली ताप होता, एकाखाली पुराचं पाणी, एकाखाली कुणाचीतरी गोळी. दर वर्षी एखादा वाढलेला दिसे. त्यांच्याजवळून जाताना गाडीवान टोप्या काढत. बोलणं थांबे, आमचं रडणं तेवढं चालू राही. मला वाटे, ते क्रॉस आमच्याकडे बघताहेत आणि मोजताहेत.

मग अठराशे बासष्ट आलं.

दक्षिणेच्या माळावर तिथल्या मूळच्या डकोटा लोकांची उपासमार झाली होती. सरकारने त्यांना दिलेला शब्द मोडला होता. उन्हाळा संपता संपता लढाई पेटली. कुणाची वस्ती जळाली, कुणाची पोरं पळाली, कुणी कुणाला मारलं, याच्या बातम्या वाऱ्यावर येत आणि येताना दुप्पट होत. वाट बंद झाली. गाड्या अंगणात उभ्या राहिल्या. झाडांची पानं पिवळी पडली, तरी आम्ही तिथेच. घराघरांतून मीठ संपलं. चहा संपला. बंदुकीची दारू संपली, आणि दारू नाही म्हणजे हिवाळ्यात मांस नाही.

शेवटी गास्पारने बावीस गाड्या जमवल्या. अर्ध्या वाटेवरच्या ठाण्यापर्यंत जायचं, मिळेल ते भरायचं, बर्फ पडायच्या आत परतायचं. जागा ठरवायला गवताच्या काड्या काढल्या. सर्वांत आखूड काडी नार्सिसच्या हाती आली.

“शेपूट!” कुणीतरी ओरडलं.

“चला, निदान तुमची सगळ्यांची तोंडं बघायला नकोत,” नार्सिस म्हणाला. “नुसते पार्श्वभाग बघत जाईन.”

सगळे हसले. उर्सुल हसली नाही. शेवटची गाडी म्हणजे जी मागे पडते ती, आणि जी मागे पडते ती पहिली सापडते, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

ती पेंबिना गावापर्यंत आमच्यासोबत आली. तिथे तिची मावशी राहत असे, आम्ही परत येईपर्यंत ती मावशीकडे थांबणार होती. चार दिवस ती माझ्या शेजारून चालली, एक हात माझ्या कठड्यावर ठेवून. पेंबिनाला संध्याकाळी, गालेतच्या जाड भाकऱ्या भाजण्याच्या वेळी, दक्षिणेकडून एक घोडेस्वार आला. त्याचा घोडा फेसाळला होता. तो चुलीशी बसला आणि आमच्याकडे बोट दाखवून म्हणाला:

“या बयांना घेऊन जाणार तुम्ही? अरे, यांचं रडं मला दुपारपासून ऐकू येतंय. तिकडे ज्याच्या त्याच्या हातात बंदूक आहे. सैनिक घाबरलेत, वस्तीवाले घाबरलेत. कोण येतंय हे कुणी विचारत नाही. आवाज आला की आवाजावर गोळी.”

“आमचा आवाज सगळ्यांना माहीत आहे,” गास्पार म्हणाला. “मेतींची गाडी आहे हे कळतं, म्हणूनच कुणी हात लावत नाही. गेली वीस वर्षं हेच रडं आमचा परवाना आहे.”

“गेली वीस वर्षं गेली, कप्तान,” घोडेस्वार म्हणाला, आणि गालेतचा तुकडा तोंडात टाकून उठला.

सूर्य अजून बुडाला नव्हता. उर्सुल नार्सिसला माझ्यामागे घेऊन आली.

“तुम्ही गास्पारभावजींना सांगा, मला मधली जागा द्या म्हणून.”

“काडी माझी निघाली. आता दुसऱ्याला शेपूट करू?”

“करा. दुसऱ्याच्या बायकोचं मला काय!”

“उर्सुल.”

“बरं, नाही म्हटलं मी. जाऊ दे.” ती थोडा वेळ माझ्या चाकाच्या आऱ्यावर नख घासत राहिली. “ही इतकी रडते. मागे राहिलात तर सगळ्या माळाला कळेल की एक मागे राहिली. मागे राहायचंच असेल तर निदान मुकी तरी राहू दे.”

“मुकी? आमाब्लबाबांनी ऐकलं तर उलटी करवत घेऊन येतील.” तो हसला. “अगं, गास्पारचे कान आहेत ना पुढे. ही थांबली की तो थांबतो. रडते म्हणून तर मी सुखरूप आहे.”

तिने आऱ्यावरून हात काढला आणि ती मावशीच्या घराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पहाट फटफटली, माणसं चुलीभोवती काळा चहा पीत होती, शेवटचा चहा, पाण्यासारखा पातळ. उर्सुल माझ्याजवळ आली. पदराखाली धरावा तसा शालीखाली तिने एक लाकडी पेला धरला होता. त्यात बायसनची चरबी होती, वाळवलेल्या मांसात मुरवायला ठेवलेली. एका चपट्या काठीने तिने ती माझ्या तुंब्यांच्या फटींत ढकलली. आधी उजव्या, मग डाव्या. सुताराच्या लेकीचे हात होते, एक थेंब बाहेर सांडला नाही. मग माझ्या दांडीला कपाळ टेकवून म्हणाली:

“बाई, एकच दिवस गप्प राहा. पुढचा उघडा वाळूचा पट्टा ओलांडेपर्यंत. मग पुन्हा रड हवं तेवढी. एका दिवसाने काय होतंय?”

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर! एका दिवसाने काय होतं ते मी तिला सांगितलं असतं. तिलाही ठाऊक होतं. पण भीती माणसाला ठाऊक असलेलंच आधी विसरायला लावते.

आम्ही निघालो. पुढच्या एकवीस जणी रडू लागल्या. मी नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी चाकं नुसती फिरत होती, रूझो बैलाच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. नार्सिस थबकला. वाकून त्याने तुंब्याला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. मागे वळून पाहिलं. उर्सुल दूर काठावर उभी होती, आमच्याकडे पाठ करून.

“अगं वेडे,” तो हळूच म्हणाला.

त्याने पुढे धावत जाऊन गास्पारला सांगायला हवं होतं. तेवढंच करायचं होतं. पण पुढे जायचं म्हणजे एकवीस गाडीवानांसमोरून जायचं, आणि एकवीस जण विचारणार, चरबी कुणी लावली? आमाब्लबाबांच्या लेकीने? हिवाळाभर त्यांना दुसरा विषय लागला नसता. “दुपारच्या मुक्कामाला खरवडून टाकू,” तो मला म्हणाला. “म्हणेन, मीच लावली, झोपेत होतो.” आणि शीळ घालत चालू लागला.

त्या दिवशी दक्षिणेचा वारा होता. ऑक्टोबरात शोभू नये इतका उबदार, आणि जोराचा. तो गास्पारच्या तोंडावर येत होता. मागच्या गाड्यांचे आवाज वारा उलटे आमच्याकडे ढकलत होता. शेपटाचा आवाज येत नाही हे गास्पारला जाणवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याला वाटलं, वाऱ्याने खाल्ला.

वाळूचा पट्टा सुरू झाला. वारा ती वाळू उचलून माझ्या तुंब्यांत भरत होता, आणि चरबी ती धरून ठेवत होती. बाबांनी सांगितलं तसंच झालं. आतून मला कुणीतरी बारीक बारीक दातांनी चावत होतं. मी रडू शकत नव्हते. कोरडी असते तर किंचाळले असते, आणि त्या वाऱ्यातूनही एकाने तरी मागे पाहिलं असतं. मी गुळगुळीत फिरत राहिले आणि बारीक होत राहिले.

दुपार व्हायला आली असताना डावं चाक डगमगलं. नार्सिसने रूझोला थांबवलं आणि माझ्याखाली वाकून पाहू लागला. त्याच क्षणी कणा तुटला. मित्रांनो, हे सांगताना माझं लाकूड आजही आकसतं. मीच त्याच्यावर पडले. माझ्या साटीचं, गठ्ठ्यांचं सगळं ओझं त्याच्या मांडीवर आलं.

तो ओरडला. वाऱ्याने त्याचं ओरडणं उचललं आणि आलेल्या वाटेने मागे नेलं. पुढे तांडा रडत रडत लहान होत गेला.

बऱ्याच वेळाने त्याने पाय ओढून बाहेर काढला. हाड वर आलं होतं. त्याने कमरेचा पट्टा मांडीला आवळला, रूझोला दांड्यांतून मोकळं केलं आणि पाठीवर थाप मारली. “जा! त्यांच्यामागे जा! तुला पाहून तरी कळेल.” रूझो दहा पावलं गेला, आणि परत येऊन त्याच्याजवळ उभा राहिला. शहाणा बैल होता, धन्याला सोडून जायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

नार्सिस माझ्या चाकाला टेकून बसला. “गास्पार आता हात वर करेल,” तो म्हणाला. “झोपलास की मोडलास, विचारेल.” तो कान देऊन वाट पाहू लागला. मग हळूहळू त्याचा चेहरा बदलला. जी रडतच नव्हती, ती थांबली हे कुणाला कसं कळावं?

आणि वारा पडला. एकदम, दार लावावं तसा. गवताची काडी हलेना. वायव्येकडे आकाशाच्या तळाशी एक निळी-काळी रेघ उठली, आणि पाहता पाहता अर्धं आकाश झाली. पक्षी आमच्यावरून दक्षिणेकडे गेले, एकही शब्द न काढता. मग बर्फ आलं. ते आडवं आलं, भाल्यांसारखं.

तो माझ्या साटीखाली सरपटला. गठ्ठे फोडून त्याने केसाळ कातडी अंगावर ओढली. त्यांनी थंडी अडवली. पायातून जात होतं ते रक्त कोण अडवणार? तरी, पहिल्या दिवसाचा उजेड होता तोवर, त्याने एक काम केलं. सुरी काढली. माझ्या दोन्ही तुंब्यांतली, तुटलेल्या कण्यावरची काळी चरबी खरवडली. गवताने पुसली, बर्फाने घासली, बोटं सुजेपर्यंत घासली.

“आता तुला कुणी काही लावलं नव्हतं,” तो मला म्हणाला. “कळलं? कुणी काही नाही.”

दोन दिवस पांढरं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी गास्पार आला. पुढच्या ओढ्याकाठच्या झाडीत पोचल्यावर त्याने गाड्या मोजल्या होत्या, एकवीस भरल्या होत्या, आणि तो एकटाच त्या वादळात उलटा शिरला होता. दोनदा भरकटला. आम्ही सापडलो तेव्हा त्याच्या दोन्ही कानांच्या कडा गोठून काळ्या पडल्या होत्या. पुढे त्या गळून गेल्या. त्याने कातडी बाजूला केली, नार्सिसचा थिजलेला चेहरा पाहिला, आणि त्याच्याजवळ बर्फात बसून राहिला.

कप्तानाच्या गाडीत नेहमी जादा कणे असत. त्यांतला एक तो घोड्यावर बांधून घेऊन आला होता; तो त्याने मला बसवला आणि रूझोला पुन्हा दांड्यांत जुंपलं. नार्सिसला घेऊन मी पेंबिनाला परतले, वाटभर रडत. कणा नवा होता, म्हणून आवाजही परका. उर्सुलने मला ओळखलं नाही. मी अंगणात येऊन थांबले तेव्हा तिने पाहिलं.

“वहिनी,” गास्पार म्हणाला, “ही थांबली ते मला ऐकू आलं नाही.”

उर्सुलने तोंड उघडलं. तिची नजर माझ्या साटीत टाकलेल्या जुन्या कण्याच्या तुकड्यावर गेली. त्याचं टोक निमुळतं झालं होतं, आरशासारखं गुळगुळीत. सुताराच्या लेकीला आणखी काय सांगायला हवं? तिने तोंड मिटलं. त्याच संध्याकाळी तो तुकडा चुलीत गेला.

त्यानंतर गास्पार पुन्हा कप्तान झाला नाही. लोकांनीच होऊ दिलं नाही. “दोन कोसांवरून ऐकू येणारी गाडी याला ऐकू आली नाही म्हणे!” चर्चच्या दारात बायका म्हणत. त्याला बहिरा हेच नाव पडलं. कुणी मुद्दाम त्याच्या कानाशी ओरडे, “गास्पार! ऐकू येतंय ना?” तो म्हणे, “येतंय हो, येतंय.” आणि हसे. हळूहळू त्याचाच स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला. कुणी हाक मारली तरी खात्री करून घ्यायला तो दोनदा वळून बघू लागला. दर हिवाळ्याच्या तोंडाला तो उर्सुलच्या अंगणात जळणाची लाकडं आणून रचे. ती दार उघडे. चहा देई. तो पीत असताना ती भिंतीकडे बघे. असे एकोणीस हिवाळे.

दरम्यान नदीत वाफेच्या बोटी आल्या, मग लोखंडी रूळ आले. महिन्याची वाट दोन दिवसांची झाली. बायसन संपले. तीन रेघांवर गवत आलं. मी काही वर्षं चारा वाहिला, मग शेण, मग काहीच नाही. मला कुंपणाशी लावून ठेवलं, आणि लोक माझ्याकडे बघायचं विसरले. त्याचं मला दुःख नाही. लाकडाने कुजायचं असतं.

पण मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरातही करकरणारं काहीतरी असेल. एखादं दार, एखादा रहाट, एखादं म्हातारं माणूस. त्याच्या आवाजाचा तुम्हाला त्रास होईल. घाईने त्याचं तोंड बंद करू नका. आधी ऐका. आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासाठी काही केलंत, तर ते लपवून करू नका. लपवलेलं प्रेम कुठे जाऊन तुटेल, सांगता येत नाही.

या वसंतात इथली बरीच घरं रिकामी झाली. जमिनी नव्या वस्तीवाल्यांकडे गेल्या, माणसं पश्चिमेकडे निघाली. काल दुपारी गास्पार आला. वसंत असूनही त्याने लाकडं आणली होती. ती रचून तो माझ्या दांडीवर बसला. उर्सुल चहा घेऊन बाहेर आली. दोघांचेही केस पांढरे झालेत.

“वहिनी, उद्या निघतो. लेक ऐकत नाही, तिकडे सास्काचवानला घेऊन चालली आहे. ही पुढच्या हिवाळ्याचीही आणली. पुरवून वापरा.”

“चहा घ्या.”

“चहा एकोणीस वर्षं घेतोय.” त्याने पेला हातात धरला, प्यायला नाही. “आज दुसरं काही मागायला आलोय. मरेन तिकडेच. जायच्या आधी तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय, की भावजी, मी तुम्हाला माफ केलं. कान गेलेत माझे, जरा मोठ्याने म्हणा.”

तो हसायला गेला, ते जमलं नाही. उर्सुल उभीच होती. तिचा हात माझ्या कठड्यावर आला होता. एक कोंबडी फडफडत खाली उतरली.

“नाही जमत, तर राहू दे,” तो म्हणाला. त्याने पेला माझ्या साटीवर ठेवला, टोपी घातली. “माझ्याने तरी जमलं असतं का, कोण जाणे.” तो फाटकाकडे चालू लागला. फाटकाला हात लावला.

“भावजी,” उर्सुल म्हणाली.

तिने ते हळू म्हटलं होतं, श्वासाएवढं. तो लगेच थांबला आणि वळला. या वेळी एकदाच.

“तुमच्या कानांना कधी काही झालं नव्हतं.”

“वहिनी, आता माझी समजूत नका घालू.”

“समजूत नाही घालत. मी माफ करावं असं तुमच्या हातून काही झालंच नाही. ऐका. त्या दिवशी ही रडतच नव्हती. पेंबिनाला तुम्ही सगळे चुलीशी चहा घेत होतात ना, तेव्हा हिच्या दोन्ही तुंब्यांत मी चरबी भरली होती. मी. माझ्या हातांनी.”